"भूकच लागंना गेलीय": वजनाच्या ऑपरेशननंतरचं जेवण

"भूकच लागंना गेलीय बघ," अक्का म्हणाली. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. सकाळपासून तिच्या पोटात गेलं होतं ते अर्धी वाटी मुगाच्या वरणाचं गाळलेलं पाणी आणि चार घोट ताक. एरवी सकाळच्या चहासोबत काही खायला नसलं तर चिडचिड करणारी माझी थोरली बहीण दुपारचे दोन वाजले तरी स्वयंपाकघराकडे फिरकली नव्हती. आई घाबरून गेली. आमच्या औसा तालुक्यातल्या घरात 'जेवण जाईना' हे वाक्य तापात, नाहीतर घरातलं कुणी गेल्यावरच ऐकलेलं.

डॉक्टरांनी मात्र हे ऐकून शांतपणे मान हलवली. हे असंच होणार होतं. त्यांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी पुढच्या वर्षभरात जे समजावलं, त्यात मी वाचून जे जोडलं, ते इथं लिहिते आहे. लातूर, बीड, नांदेडकडची माणसं संभाजीनगरला, पुण्याला, हैदराबादला जाऊन हे ऑपरेशन करून येतात आणि थोड्याच दिवसांत घरी परततात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते घरच्या चुलीपाशी.

पोटात काय बदलतं

जठराकडे आपण अन्नाची पिशवी म्हणून बघतो. मोठ्या माणसाचं जठर ताणलं तर त्यात लिटरभर, कधी त्याहून जास्त अन्न मावतं. अक्काचं ऑपरेशन 'स्लीव्ह' प्रकारचं होतं. त्यात दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. सुरुवातीला तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं, म्हणजे चहाचा एक कप. दुसरा प्रकार 'बायपास'. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची थैली करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. औषधाच्या बाटलीचं झाकण १० मिलीचं असतं, तशी तीन झाकणं. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जातं.

जागा कमी झाली म्हणून खाणं कमी होतं, हे कुणालाही पटतं. पण जागा कमी झाल्यानं भूक का जावी? लहान भांड्यालाही तहान असतेच की. याचं उत्तर असं की जठर हे संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, तयार करणारं इंद्रियही आहे. १९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा, केंजी कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरातून रक्तात जाणारं एक संप्रेरक शोधून काढलं. त्याचं नाव घ्रेलिन. हे नाव ज्या जुन्या धातूवरून घेतलं, त्याचा अर्थ 'वाढणं', मोठं होणं. आपल्या मराठीत वाढणं म्हणजे ताटात वाढणंही, त्यामुळे मला हे नाव लगेच लक्षात राहिलं. जेवणाची वेळ जवळ आली की रक्तातलं घ्रेलिन वाढतं आणि मेंदूला सांगतं, आता खायला हवं. जेवण झालं की ते उतरतं. रोज बाराला जेवणाऱ्याला बाराच्या सुमारास भूक लागते, त्यातही याचा हात आहे.

घ्रेलिन सर्वांत जास्त तयार होतं जठराच्या वरच्या फुगीर भागात. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढून टाकतात. हाक मारणाराच घरातून निघून गेल्यासारखं. त्यामुळे स्लीव्हनंतर रक्तातलं घ्रेलिन झटकन खाली येतं आणि बरेच महिने खालीच राहतं. बायपासमध्ये हा भाग शरीरातच असतो, म्हणून तिथं घ्रेलिनचं चित्र इतकं सरळ नाही. पण तिथं दुसरी गोष्ट घडते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही 'बस्स, पोट भरलं' असं सांगणारी संप्रेरकं भरपूर सोडतात. स्लीव्हमध्येही ही वाढतात. वजनासाठी सध्या ज्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांची चर्चा चालते, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

इथं एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. उपाशी राहून वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं. शरीर दुष्काळ पडला असं समजून जास्त जोरात हाक मारू लागतं. अक्कानं २० वर्षांत किती वेळा वजन कमी केलं आणि किती वेळा ते परत आलं, हे मी पाहिलंय. दर वेळी तिला ऐकावं लागलं ते एकच, "तोंडावर ताबा नाही." ताबा होता. तिच्यासमोर उभी होती ती शरीराची भूक, आणि तिच्याशी वर्षानुवर्षं कुणालाच झुंजता येत नाही.

हाक नाही, मग जेवायचं कशावर?

घड्याळावर. भूक लागली नाही तरी शरीराला अन्न लागतंच. या काळात चरबी झपाट्यानं वितळत असते. त्याच वेळी प्रथिनं पुरेशी मिळाली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. वजनकाट्यावर आकडा छान उतरतो, पण माणूस जिना चढताना धापा टाकतो. म्हणून दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत असं सांगतात. नेमका आकडा प्रत्येकाच्या वजनावर ठरतो आणि तो आपल्या आहारतज्ज्ञाकडूनच घ्यावा. सहा वेळा थोडं थोडं, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं, लहान चमच्यानं.

सुरुवातीला एक-दोन दिवस नितळ पातळ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दाट पातळ, मग दोनेक आठवडे मऊ कुस्करलेलं, मग मऊ शिजवलेलं, आणि सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं अन्न. प्रत्येक हॉस्पिटलचे आठवडे थोडे वेगळे असतात. आपल्याला दिलेला कागद पाळावा, शेजारच्या पेशंटचा नाही. जठराला टाके असतात. ते भरून येईपर्यंत 'एवढ्यानं काय होतंय' असं म्हणून दिलेला भजीचा तुकडा महागात पडू शकतो.

अक्काला मिळालेला कागद पूर्ण इंग्रजीत होता. ब्रोकोलीचं सूप, टोफू, ग्रीक योगर्ट. आईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि स्वयंपाक तिच्याच हातात होता. याचा मला अजून राग आहे. ऑपरेशन मराठवाड्यातल्या माणसाचं, तर त्याचा आहारही मराठवाड्याच्या भाषेत का नसावा? शेवटी मी आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला आणि एक दुपार बसून आम्ही तो कागद आमच्या घरात आणला. ग्रीक योगर्ट म्हणजे चक्का, साखर न घातलेला. सूप म्हणजे मुगाचं किंवा तुरीचं घोटलेलं वरण, फोडणी नावापुरती. दाट पातळ टप्प्यात दूध, ताक, चाळून घेतलेलं वरण. मऊ टप्प्यात पातळसर पिठलं, आणि हे तर फारच सोयीचं निघालं, कारण १०० ग्रॅम बेसनात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि पिठलं चावायला काही कष्ट नाहीत. उकडून कुस्करलेलं अंडं, एकात साधारण ६ ग्रॅम. पनीर, १०० ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी तिखट कमी करून, पण ती जरा पुढे. मांसाहारी घरात बारीक खिमा, रस्सा नुसता नको, कारण प्रथिनं मांसात असतात, पाण्यात फार थोडी उतरतात. एवढं करूनही पहिल्या महिन्यांत ६० ग्रॅम गाठणं कठीण जातं, म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर देतात. अक्का ती ताकात घालून प्यायची.

सगळ्यात अवघड गेलं ते भाकरीचं. आमच्याकडं ताटाचा मालक भाकरी. बाकी सगळं कोरड्यास, भाकरीला लावून खायला. ऑपरेशननंतर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी वरण, अंडं किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी. ज्वारीत प्रथिनं नाहीत असं नाही, १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास असतात, पण चहाच्या कपाएवढ्या जागेत भाकरी आधी शिरली की वरणाला दार बंद. दोन महिन्यांनी अक्कानं पापुद्रा काढलेली चतकोर भाकरी वरणात कुस्करून खाल्ली. चपाती मात्र तिला बराच काळ अडकायची. मऊ, चिकट गोळा होणारे पदार्थ, म्हणजे चपाती, पाव, मोकळा न झालेला भात, अनेकांना असे त्रास देतात.

पोट भरल्याची खूणही बदलते. आधी पोटाला तड लागल्यावर आपण थांबायचो. आता छातीच्या मध्ये दाब येतो, कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक गळायला लागतं. अक्काला उचकी यायची. ती आली की चमचा खाली. त्यापुढचा एक घास म्हणजे उलटी, हे तिला दोनदा अनुभवून कळलं.

पाणी जेवणासोबत नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. एरवी घोट-घोट करून दिवसभरात दीड ते दोन लिटर. हे कागदावर सोपं वाटतं. लातूरचा मे महिना, बेचाळीस अंशांवर गेलेलं ऊन, आणि ज्या बाईनं जन्मभर तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायलं, तिनं आता फुलपात्रातून चिमणीसारखं प्यायचं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उन्हाळ्यानं गाठलं. लघवी गडद पिवळी झाली, चक्कर आली, तेव्हा आम्ही जागे झालो. मग मोबाइलवर दर वीस मिनिटांनी गजर लावला. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक मात्र नाही. गोड पातळ पदार्थ आतड्यात एकदम उतरले की घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब असा झटका येऊ शकतो. त्याला 'डम्पिंग' म्हणतात. बायपासवाल्यांना तो जास्त होतो. काहींना गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून थरथर सुटते. साखरेच्या आणि बीपीच्या जुन्या गोळ्यांचं प्रमाणही या काळात बदलावं लागतं, ते डॉक्टरांनीच. कमी खाणाऱ्या माणसाला जुन्याच डोसाची इन्सुलिन किंवा साखरेची गोळी देत राहणं धोक्याचं आहे.

'भूक नाही' कधी साधी, कधी धोक्याची

भूक नसणं अपेक्षित आहे. पण खाल्लेलं आणि प्यालेलं सतत उलटून पडणं अपेक्षित नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढलेली धडधड, श्वास लागणं, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं यापैकी काही झालं तर टाक्यांतून गळती होत असू शकते. वाट न बघता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा.

आणि आता जे लिहिते आहे ते कृपा करून दोनदा वाचा. आपल्याकडं अशक्तपणा आला, उलट्या झाल्या की गावातल्या दवाखान्यात 'एक सलाइन लावा' म्हणतात. शरीरात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, साठतं ते दोन-तीन आठवड्यांपुरतंच. ऑपरेशननंतर उलट्या होत राहिल्या तर ते संपतं. मग दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा अवस्थेत थायामिन न देता ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं: "पेशंटचं वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या होतायत, आधी थायामिन द्यायचं का?" आम्ही ऑपरेशनचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अक्काच्या पर्समध्ये ठेवला आहे, तो आजही तिथंच आहे.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बी-१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो, लोहाला जठरातलं आम्ल आणि आतड्याचा पहिला भाग लागतो, आणि यातलंच काही ना काही ऑपरेशननं कमी झालेलं असतं. बी-१२ चा साठा यकृतात असतो, त्यामुळे त्याची कमतरता उशिरा कळते, हातापायाला मुंग्या येऊन. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणून खाण्याची आपल्याकडची सवय तर सोडायलाच हवी, विशेषतः बायपासनंतर, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू आणि विडीचंही तेच.

चौथ्या महिन्यात अक्काचे केस गळायला लागले. कंगव्यात पुंजके. वजन वेगानं उतरलं की हे होतं, आणि प्रथिनं, लोह व्यवस्थित असलं तर काही महिन्यांत केस परत येतात. तिचे आले.

ताटापलीकडचं

भूक गेल्याचं दुःख होऊ शकतं, हे मला अक्कानंच शिकवलं. आषाढात एका लग्नाच्या बोलणीसाठी पाहुणे आले होते. सगळे जेवत होते, ती वाढत होती. रात्री म्हणाली, "मला कशाचंच काही वाटंना गेलंय गं. वास येतो, पण आत काही हलत नाही." ज्या बाईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी माणसं थांबायची, तिला त्या चटणीकडं बघून काही वाटत नव्हतं. चवी बदलतात, काही वास नकोसे होतात, आणि ज्या आनंदावर आयुष्य उभं होतं तो एकदम बंद झाल्यासारखा वाटतो. बहुतेकांचं हे हळूहळू निवळतं. निवळलं नाही, माणूस गप्प-गप्प राहू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवण्यात लाज वाटायला नको. हे ऑपरेशनचाच भाग समजून करावं.

घरच्यांसाठीही हे कठीण असतं. आमच्याकडं माया दाखवायची ती वाढून. "खा की माय दोन घास," हे आईचं वाक्य ४५ वर्षं अक्काच्या कानावर पडत आलं, आणि आता ते ऐकून तिला रडू यायचं. मी आईला समजावलं की आग्रह करायचाच असेल तर पाण्याचा कर, गोळीचा कर, फिरायला जाण्याचा कर. आईला हे पटायला वेळ लागला. मग ती स्वतःच सहा छोट्या वाट्या घासून ओट्यावर रांगेत मांडू लागली, सकाळपासून रात्रीपर्यंतच्या. एक वाटी रिकामी झाली की ती पालथी घालायची. दिवस संपता किती पालथ्या झाल्या, हे सगळ्या घराला दिसायचं.

उपवासाचा प्रश्न येतोच. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस धरणारं आमचं घर. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नाहीत म्हणण्याइतकीच, वर तो चिकट. अक्कानं त्या वर्षी दर्शन घेतलं, उपवास धरला नाही. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनीही पहिलं वर्ष-दीड वर्ष डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नये, कारण तिथं पाण्याचाही प्रश्न आहे. बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात.

भूक परत येते. बहुतेकांना सहा महिन्यांनंतर, वर्षाच्या आसपास, पहिल्यापेक्षा कमी पण ओळखीची. लोक तेव्हा घाबरतात, ऑपरेशन वाया गेलं असं त्यांना वाटतं. वाया गेलेलं नसतं. भूक शांत होती तेव्हाचे महिने सवयी बसवायला मिळालेले असतात, त्या सवयी आता कामाला येतात. ज्यांनी त्या काळात 'भूक नाही तर खायचं कशाला' म्हणून दिवसभर काही घेतलं नाही आणि संध्याकाळी शेव-चिवड्यावर भागवलं, त्यांना पुढचं अवघड जातं. शेव, फरसाण, बिस्किटं तोंडात विरघळतात, अरुंद नळीतून सहज सरकतात, म्हणून पोट लहान असूनही ती कितीही खाता येतात. वजन परत चढण्याची ही नेहमीची वाट.

अक्काची भूक परत आली ती येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, अकराव्या महिन्यात. शेतात खोप केली होती, पांडवांची पूजा झाली होती, पानावर भाज्या-दाण्यांची भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. अक्कानं दोन चमचे भज्जी आणि थोडी आंबील घेतली आणि बांधावर जाऊन बसली. तासा-दोन तासांनी माझ्याकडं आली, चेहऱ्यावर भीती. "अगं, पोटात खवळल्यासारखं होतंय. भूक असंल का गं ही?"

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगून ठेवलं होतं की अशा वेळी मनाला विचारायचं, साधं वरण चालेल का? चालेल असं वाटलं तर ती भूक. फक्त खीरच हवीशी वाटली तर थोडं थांबायचं, पाणी प्यायचं, फेरी मारून यायचं. मी तिला तेच विचारलं. तिनं खिरीच्या पातेल्याकडं पाहिलं, भज्जीच्या पातेल्याकडं पाहिलं, आणि भज्जीच्या पातेल्यातल्या तुरीच्या आणि हरभऱ्याच्या दाण्यांकडं बोट दाखवून म्हणाली, "ते दाणे दे वाटीत."